डिशची पिन आगोटीआधी स्वतः बसवा

आमच्याकडे गुहागरला मे महिना संपत आला की आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं सुरू होतात. कौलं शाकारायची, लाकडं पडवीत रचायची, कडधान्यं उन्हं दाखवून डब्यात भरायची. गेली काही वर्षं मी या यादीत एक काम वाढवलं आहे: डिशच्या छत्रीपाशी जाऊन वायरीच्या दोन्ही टोकांच्या पिना, म्हणजे फिरवून बसवायची धातूची टोकं, सोडवून बघायच्या आणि जरा जरी शंका आली तरी कापून नव्या बसवायच्या.

हे सुचलं एका गणपतीत. मुंबईहून सगळी भावंडं आलेली, घर भरलेलं आणि टीव्हीवर सतत ‘सिग्नल नाही’. मेकॅनिकला त्या आठवड्यात दहा गावांतून फोन, त्यामुळे तो चार दिवसांनी आला. त्याने एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, बदलला. दोन दिवस चित्र आलं आणि पुन्हा गेलं. मग टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स बदलायला हवा असं ठरलं. तो बदलण्याआधी मी सहज एलएनबीची पिन फिरवून काढली, तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. मधली तार हिरवी पडून सुईसारखी बारीक झाली होती. हातभर वायर कापून नवी पिन लावली, चित्र स्वच्छ. जुना एलएनबी परत लावून पाहिला, तोही ठणठणीत होता. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण घराघरांत असेच चांगले एलएनबी आणि बॉक्स अडगळीत जात असतील, हे मला जास्त लागलं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

डिशचे सिग्नल ज्या पट्ट्यात येतात त्या केयू बँडच्या लहरींना जोराचा पाऊस अडवतो. छत्री आणि उपग्रह यांच्या मधल्या काळ्या ढगातून धो धो सर कोसळत असेल तर चित्र जाणारच, त्याला पिन काय करणार? डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून छत्री आग्नेयेला तोंड करून बरीच वर बघते. त्या बाजूला आभाळ फाटलं असेल तर वाट बघायची. सर ओसरली की काही मिनिटांत चित्र आपोआप येतं.

वायरीतला दोष वेगळा वागतो. पाऊस थांबून तास उलटला तरी चित्र येत नाही. किंवा सकाळी दव असताना येत नाही आणि दुपारी ऊन तापलं की येतं. किंवा काही चॅनेल दिसतात, काही दिसत नाहीत. वारा सुटून वायर हलली की चौकोन चौकोन पडतात. यातलं काहीही दिसलं तर ९० टक्के लक्ष पिनेकडे द्या, एलएनबीकडे नंतर.

ही पिन आपल्याकडेच इतकी का सडते, तेही समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच ठरते. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी. या व्होल्टेजवरून एलएनबीला कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या ते कळतं. म्हणजे मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात कायम विजेचा ताण असतो. त्यात ओल शिरली आणि ती ओल खाऱ्या हवेची असली, की तिथे लहानसा बॅटरीचा सेलच तयार होतो आणि तांबं झपाट्याने झिजू लागतं. घाटावर जी पिन पाच-सहा वर्षं टिकते ती इथे दोन पावसाळ्यांत जाते. त्यात आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा.

उघडल्यावर रंगही बघा. हिरवा थर म्हणजे तांबं खाल्लं गेलं. पांढरी भुकटी म्हणजे जाळी ॲल्युमिनियमची आहे आणि मीठ तिला खातंय. तपकिरी गंज म्हणजे मधल्या तारेचा तांब्याचा मुलामा संपून आतलं लोखंड उघडं पडलं.

वायर आणि पिन घेताना

डिशला लागते ती आरजी-६, ७५ ओहमची. बाहेरून जेमतेम ७ मिलिमीटर जाड, आतला पांढरा गाभा साधारण ४.६ मिलिमीटर, मधली तार १ मिलिमीटर. दिसायला तशीच पण थोडी बारीक आरजी-५९ असते, ती ६ मिलिमीटरच्या आसपास. ती कॅमेऱ्यांना वापरतात. डिशच्या उंच वारंवारतेवर, म्हणजे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर, तिच्यात सिग्नल जास्त वाया जातो. शिवाय आरजी-६ ची पिन तिच्यावर सैल बसते आणि उलट केलं तर बसतच नाही. वायरीवर छापलेलं नाव वाचून त्याच नावाची पिन मागा.

मासेमारी होड्यांवरच्या व्हीएचएफ (बिनतारी) सेटची वायर घरात पडली असेल तर तीही इथे लावू नका. ती ५० ओहमची असते, तिच्या पिनाही वेगळ्या.

खिशात लोहचुंबकाचा तुकडा ठेवा. मधल्या तारेला तो चिकटला तर ती लोखंडी तार आहे, वरून तांब्याचा मुलामा. नाही चिकटला तर सहसा अख्खं तांबं. लोखंडाची म्हणजे खोटी असं समजू नका. एवढ्या उंच वारंवारतेचा प्रवाह तारेच्या कातडीतूनच, दोन-चार मायक्रॉन जाडीतून वाहतो, म्हणून मुलामा पुरतो. पण एलएनबीची वीज तारेच्या पूर्ण जाडीतून जाते, आणि समुद्रकाठी तो मुलामा एकदा तुटला की लोखंडाला गंजायला महिनाही लागत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर मी अख्ख्या तांब्याचीच घ्या म्हणेन, आणि जाळी कथील चढवलेल्या तांब्याची मिळाली तर फारच उत्तम. बाहेरचं आवरण काळं हवं. पांढरं आवरण घरात शोभतं, पण उन्हात दोन-तीन वर्षांत चरे पडून त्यातून पाणी शिरतं.

पिना तीन जातीच्या मिळतात. पिळून बसवायची, दाबून चेपायची आणि कॉम्प्रेशनची. पिळून बसवायची स्वस्त, अवजारही लागत नाही, म्हणून सगळीकडे तीच दिसते. घराबाहेर ती लावूच नका. ती फक्त आवरणावर आटे पाडून अडकते, जाळीला नीट धरत नाही आणि मागून पाण्याला वाट मोकळी राहते. चेपायची पिन योग्य मापाच्या षटकोनी अवजाराने चेपली तर बरी चालते, पण पकडीने चेपटली तर तिचा काही उपयोग नाही. कॉम्प्रेशनची पिन आपल्या मागच्या नळीला आवरणावर सगळीकडून सारखी दाबते, बहुतेकींत आत रबरी कडंही असतं. तिच्यासाठी वेगळं दाबयंत्र लागतं. वाडीतल्या चार घरांनी मिळून एक घेतलं तर एका मेकॅनिकच्या फेरीएवढा खर्चही प्रत्येकाला येत नाही.

बाकी सामान साधं: वायर सोलायचं दोन पात्यांचं गोल अवजार (नसेल तर धारदार कटर), तिरपी कापणी पक्कड, ११ चा पाना, मल्टिमीटर, रबर टेप, साधी काळी पीव्हीसी टेप आणि रबरी टोपी.

काम सुरू करण्याआधी

बॉक्सचा ॲडॅप्टर भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही, वायरीत व्होल्टेज असू शकतं आणि पिन फिरवताना मधली तार जाळीला टेकली तर बॉक्स किंवा एलएनबी जळतो. पावसात आणि शेवाळलेल्या चिऱ्यांवर चढू नका. नळ्यांच्या किंवा कौलांच्या छपरावर छत्री असेल तर शाकारणीला माणूस चढतो त्याच वेळी हे काम उरका, त्याच्या पायाला सवय असते. मे महिन्यात दुपारनंतर पूर्वेकडे ढग जमून गडगडायला लागलं की लगेच खाली या.

छत्री हलवू नका. नुसत्या वायरीच्या ओढीनेही तिचं तोंड फिरतं. एक हात दांड्यावर ठेवून दुसऱ्याने पिन सोडवा.

सोलणं

जुनी पिन कापून टाका आणि कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. जाळी चकचकीत हवी, फॉइल कोरडी हवी. काळपट दिसली तर आणखी वीतभर कापा, पुन्हा बघा. पाणी जाळीतून वातीसारखं आत चढतं, कधी कधी मीटर-दोन मीटर. चांगला भाग लागेपर्यंत कापत जायचं. दोन-तीन हात कापूनही काळंच दिसत असेल तर ती वायर गेली, नवी ओढा. म्हणूनच वायर ओढताना छत्रीपाशी दीड-दोन हात जादा गुंडाळी ठेवावी, पुढच्या चार पिनांची सोय होते.

आता सगळ्यांत आधी रबरी टोपी वायरीत ओवा. पिन बसवून झाल्यावर टोपी आठवली तर पिन कापण्याशिवाय इलाज नसतो, आणि हे दर दुसऱ्या माणसाकडून होतं.

वायरीचं टोक सरळ, काटकोनात कापा. टोक चेपटं झालं असेल तर बोटांनी फिरवून गोल करा. आता टोकापासून १४ मिलिमीटर आवरण काढायचं आहे. त्यातलं पुढचं ८ मिलिमीटर मधली तार उघडी राहील, तिच्यामागे ६ मिलिमीटर पांढरा गाभा, त्यावर चिकटलेल्या फॉइलसकट.

गोल अवजार असेल तर त्यात वायर घालून चार-पाच फेरे फिरवा आणि सरळ ओढून काढा. दोन्ही माप एकदम पडतात. कटरने करायचं तर आधी ८ मिलिमीटरवर पातं ठेवून वायर टेबलावर हलकेच लाटा, पोळी लाटावी तशी, आणि गाभ्यातून तारेपर्यंत जायच्या थोडं आधी थांबा. उरलेला पातळ भाग बोटाने पिरगळून तुटतो. तारेवर पात्याची खूण पडली तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात करा. मला माहीत आहे, हा सल्ला ऐकवत नाही. पण खूण पडली तिथूनच मुलामा निघतो आणि हलक्या वाकणीला तार तिथेच मोडते, आणि ते कळतं ऐन श्रावणात.

मग आवरण १४ मिलिमीटरवर गोल कापा. इथे मात्र पातं अगदी हलकं, खालची जाळी कापली जाता कामा नये. आवरण निघालं की जाळीचे केस नखाने मोकळे करा आणि सगळे मागे आवरणावर दुमडा, चारी बाजूंना सारखे. जाळीवर आणखी एक सुटी फॉइल असेल तर ती काढून टाका. गाभ्याला चिकटलेली आतली फॉइल तशीच राहू द्या. तिचा कोपरा उचकटला असेल तर गाभ्यावर दाबून बसवा.

आता डोळ्यांजवळ धरून बघा. जाळीचा एखादा केस पुढे मधल्या तारेकडे गेला आहे का? एक केस पुरतो शॉर्ट व्हायला. मधली तार चकचकीत हवी, तिला पांढऱ्या फोमचा कण चिकटलेला असेल तर नखाने काढा, ब्लेडने खरवडू नका.

पिन चढवणं

पिनेच्या आत मधोमध एक बारीक नळी असते. ती नळी फॉइल आणि जाळी यांच्या मध्ये शिरायला हवी: गाभा आणि फॉइल नळीच्या आत, जाळी नळीच्या बाहेर. वायर सरळ धरून पिन दाबत आणि थोडी गोल फिरवत घाला. जोर लागतो, लागायलाच हवा. वायर ओलसर हाताने निसटते, म्हणून हात कोरडे ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत फडकं जवळ हवंच.

कुठे थांबायचं ते पिनेच्या तोंडातून बघून ठरतं. आतल्या पांढऱ्या गाभ्याचा काप पिनेच्या आतल्या तळाशी अगदी सपाट, बरोबरीने आला पाहिजे. मागे राहिला तर तिथे पोकळी राहते, सिग्नल तिथे आदळून परत फिरतो आणि ओल साचायलाही जागा होते. पुढे आला तर पिन समोरच्या आट्यांवर पूर्ण बसत नाही. गाभा बरोबर आला की मधली तार नटच्या तोंडाबाहेर साधारण दोन मिलिमीटर डोकावते. तीनपेक्षा जास्त असेल तर कापा. कापताना पक्कड तिरपी धरा म्हणजे टोक अणकुचीदार होतं आणि आत नीट शिरतं.

मग दाबयंत्रात पिन ठेवून मूठ शेवटपर्यंत आवळा. मध्ये सोडू नका. मागची नळी आत सरकलेली दिसते. आता पिन एका हातात, वायर दुसऱ्या हातात धरून चांगली ओढा. निघाली तर आधीच निघू दे, वाऱ्याने ओढून निघण्यापेक्षा बरं.

एलएनबीला जोडण्याआधी त्याचे आटे तपासा. हिरवं धरलं असेल तर कोरड्या जुन्या टूथब्रशने घासून काढा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, मधल्या भोकात नाही. पिन आधी पूर्णपणे हाताने फिरवा, मग ११ च्या पान्याने पाव फेरा. त्याहून आवळलं तर एलएनबीचा आतला दांडा फिरून तुटतो. बॉक्सच्या बाजूला हाताने घट्ट एवढं पुरे.

पाणी अडवणं

इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. आपल्या किनाऱ्यावर खरी लढाई ही आहे.

कौलं कशी बसवतात? खालून वर. पागोळीकडची रांग आधी, आढ्याकडची शेवटी, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी ओघळून जातं. टेपही तशीच गुंडाळायची, खालून वर. वायर एलएनबीखाली लोंबते तिथून सुरुवात करायची, पिनेच्या मागे दोन बोटं खाली, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत एलएनबीच्या अंगापर्यंत जायचं. वरून खाली गुंडाळलीत तर प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहते आणि पाणी साठवते.

पहिला थर रबर टेपचा, वायरमन केबलच्या जोडांना वापरतात ती. ती ताणून लावावी लागते, जवळजवळ दुप्पट लांब होईल इतकी, तरच ती स्वतःशीच एकजीव होते. नुसती गुंडाळली तर काही उपयोग नाही. तिच्यावर पीव्हीसी टेपचे दोन थर, तेही खालून वर, उन्हापासून राखायला. शेवटचा वेढा ताणू नका, ताणलेलं टोक उन्हात सुटून फडफडतं. मग रबरी टोपी वर सरकवा. एलएनबीच्या खालच्या अंगाला पाणी निचरायचं बारीक भोक असेल तर ते टेपखाली जाऊ देऊ नका.

पिनेवर सिलिकॉन थापायची पद्धत दिसते. न्हाणीघराच्या टाइल्सला लावतात ते, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन असेल तर मुळीच नको. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि ते तांब्याला खातं. बाहेरून पक्कं दिसतं आणि आत पिन गळून जाते.

वायर घरात शिरते तिथेही कौलाची पागोळी आठवा. पाणी नेहमी सगळ्यांत खालच्या बिंदूपाशी थेंब होऊन गळतं. म्हणून भिंतीच्या भोकात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, वीतभर तरी. थेंब त्या झोळाच्या तळाशी गळतील, भोकात जाणार नाहीत. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना ते आतून बाहेर उतरतं पाडा. हाच झोळ एलएनबीखालीही हवा. मात्र वायर कुठेही काटकोनात दुमडू नका, वाकणीची त्रिज्या ७-८ सेंटिमीटर राहू द्या. दुमडलेल्या जागी मधली तार हळूहळू फोममध्ये सरकते.

क्लिपा ठोकताना वायर चेपवू नका आणि नारळाच्या झाडाला बांधू नका, झाड वाऱ्यात झुलतं आणि पिन ओढली जाते. वानरं वायरीवर लोंबकळतात तिथे ती जुन्या पीव्हीसी पाइपातून घ्या. माळ्यावर उंदीर असतील तर तिथेही.

मध्ये जोड द्यावाच लागला तर

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर दापोली-श्रीवर्धनकडे कितीतरी घरांत तुटलेल्या वायरी तारेला तार पिळून, वर टेप मारून जोडल्या गेल्या. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. पण असा जोड अजून असेल तर तो काढा. दोन्ही टोकांना पिना लावून मध्ये दोन्हीकडे आटे असलेला जॉइंटर बसवा आणि तो जमेल तर पडवीत, छपराखाली आणा. बाहेरच ठेवावा लागला तर जॉइंटर आडवा नको, उभा लटकवा, आणि संपूर्ण जोड वर सांगितल्याप्रमाणे खालून वर गुंडाळा.

तपासणी

वायर दोन्ही टोकांना सुटी असताना मल्टिमीटर ओहमवर लावून त्याची एक सुई मधल्या तारेला, दुसरी पिनेच्या धातूला टेकवा. काहीच आकडा यायला नको. आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो बहुतेक वेळा त्याच जाळीच्या एका केसाचा असतो. मेगाओहममध्ये आकडा हलत असेल तर आत ओल आहे.

मग लांबच्या टोकाला मधली तार आणि पिनेचा धातू तारेच्या तुकड्याने जोडून या बाजूला पुन्हा मोजा. २० मीटरच्या अख्ख्या तांब्याच्या वायरीला ओहमच्या आत-बाहेर येतं, लोखंडी गाभ्याच्या वायरीला दोन-तीन ओहम. दहाच्या पुढे गेलं तर पिन किंवा तार खराब. मोजून झाल्यावर तो तुकडा आठवणीने काढा.

शेवटी बॉक्स लावून चालू करा. एलएनबीच्या टोकाशी, पिन सुटी असतानाच, मधली तार आणि धातू यांच्यात डीसी व्होल्ट मोजले तर चॅनेलप्रमाणे १३ किंवा १८ च्या आसपास यायला हवेत. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घ्या. मोजून झालं की ॲडॅप्टर पुन्हा काढा, मगच पिन बसवा.

मग बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलची पातळी बघा. दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंग्थपेक्षा क्वालिटीची पट्टी महत्त्वाची. कोरड्या दिवशीचा तो आकडा मी एलएनबीच्या दांड्यावर आणि बॉक्सच्या पाठीला मार्करने तारखेसकट लिहून ठेवतो. मृगाची पहिली मोठी सर येऊन गेली आणि ऊन पडलं की त्याच मेनूत पुन्हा जायचं. आकडा तोच असेल तर दिवाळीपर्यंत वर चढायचं कारण नाही. चार-पाचने उतरला असेल तर आधी एलएनबीची टेप सोडून बघा, पाणी तिथेच सापडेल.